माफी, सावकार आणि बिनव्याजी कर्ज: ऐकीव काय, अभ्यासलेले काय

निवडणूक जवळ आली की ‘आत्ता कर्ज भरू नका, माफ होणार आहे’ हा सल्ला भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत फिरतो. दुसरीकडे ‘माफीने शेतकरी बिघडतो’ असे ठासून सांगणारेही असतात. अर्थशास्त्रज्ञांनी या दोन्ही समजुती आकड्यांवर तपासल्या आहेत.

2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या थकबाकीदाराला पूर्ण माफी होती. त्याहून जास्त जमीन असेल, तर 75 टक्के भरल्यावर 25 टक्के सूट. या पाच एकरांच्या रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी एरवी सारखाच असतो. म्हणून अर्थशास्त्रज्ञ मार्टिन कान्झ यांनी गुजरातमधल्या सुमारे 2900 कुटुंबांची तुलना केली. सातबारा कोरा झाला की शेतकरी नव्या जोमाने पैसा गुंतवतो, हा समज तिथे टिकला नाही. पूर्ण माफी मिळालेल्यांची शेतीतली गुंतवणूक उलट घटली. आता बँक आपल्याला उभे करणार नाही, या धास्तीने ते खासगी उसनवारीकडे वळले. रोवणीच्या तोंडावर हातात पैसा नसेल, तर कोऱ्या सातबाऱ्याने बांधी पिकत नाही.

मग माफीने शेतकरी बिघडतो का? झेविएर जिने आणि कान्झ यांना दिसले, की माफीनंतर थकबाकी वाढली आणि ती निवडणुकांच्या वेळापत्रकाशी जास्त बांधली गेली. पण मुखर्जी, सुब्रमणियन आणि तंत्री यांनी बँकेच्या नोंदींतून शेतकऱ्यांचे दोन गट वेगळे केले: खरोखर दुष्काळात सापडलेले आणि न सापडलेले. सापडलेल्यांची परतफेड माफीनंतर सुधारली, इतरांची ढासळली. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेच्या पुराने ज्याचा धान नेला तो आणि ज्याच्या बांधीला पाणी शिवलेही नाही तो, या दोघांना एकाच यादीत घालणे हीच खरी चूक. नुकसान पाहून माफी द्यायला हवी, एकर मोजून नव्हे.

‘बिनव्याजी पीककर्ज’ हाही अर्धाच समज. तीन लाखांपर्यंतची ही व्याज सवलत वेळेत परतफेड करणाऱ्यालाच मिळते. खरेदी केंद्रावर धान देऊनही चुकारा अडकला, तर मार्चअखेरची तारीख हातून जाते आणि प्रामाणिक माणसावर व्याज चढते. याची चर्चा माफीच्या गोंगाटात होतच नाही.

शेतकरी सगळा सावकाराच्याच हातात आहे, असेही म्हणतात. 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबांच्या दर 100 रुपये शिल्लक कर्जापैकी सुमारे 70 रुपये बँका, सहकारी संस्था अशा संस्थात्मक मार्गाचे होते आणि सुमारे 20 रुपये सावकारांचे. ते 20 रुपये जास्त जाचक असतात, हे खरेच. पण त्यावर काही इलाज नाही, हे खरे नाही. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार परवाना नसलेली सावकारी हा गुन्हा आहे. अवैध सावकाराने मागच्या 15 वर्षांत जमीन खरेदीखताच्या आडून घेतली असेल, तरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत ते सिद्ध झाल्यास खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते.