स्वस्त कार्बाइन आणि तिच्या मालकांची साक्ष

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, वजनाने हलकी रायफल, एवढी व्याख्या मराठी वाचकाला पुरेशी वाटते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पोलिसांच्या खांद्याला दिसणारी, ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरला तयार झालेली ९ मिलिमीटरची कार्बाइन असते. त्या शस्त्राचा चाप दाबून धरला की गोळ्यांची सरबत्ती सुरू होते. अमेरिकेच्या नागरी बाजारात पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी जी कार्बाइन विकली जाते ती मात्र अर्धस्वयंचलित असते, म्हणजे एकदा चाप ओढल्यावर एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसत असले तरी ते उडवण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. भारतात ९ मिलिमीटरचे काडतूस लष्कर आणि पोलिसांच्या वापरातले असल्यामुळे ते सामान्य परवानाधारकाच्या हाती पडत नाही. अमेरिकेत ते सर्वांत सहज मिळणाऱ्या काडतुसांपैकी एक आहे, आणि या शस्त्राची सारी लोकप्रियता त्याच्या आधारावर उभी आहे.

पिस्तूल आणि रायफल यांना एकच काडतूस चालावे ही कल्पना तशी जुनीच. विंचेस्टर कंपनीची १८७३ सालची रायफल ज्या काडतुसावर चालत असे त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर कोल्ट कंपनीने पुढे काही वर्षांत बाजारात आणले आणि दोन शस्त्रांसाठी एकच कमरपट्टा पुरू लागला. आजच्या खरेदीदाराची गणिते थोडी वेगळी आहेत. काडतूस रायफलच्या काडतुसाहून स्वस्त पडते, खांद्याला टेकवता येत असल्यामुळे नवशिक्यालाही नेम साधतो, आणि रायफलच्या काडतुसांना मज्जाव करणाऱ्या अनेक बंदिस्त नेमबाजी केंद्रांत हे शस्त्र चालते. शिवाय कायद्याने ती ‘रायफल’ ठरते. १९३४च्या संघीय कायद्यानुसार रायफलची नळी ठरावीक लांबीहून आखूड असल्यास विशेष नोंदणी लागते आणि २०२५ अखेरपर्यंत करही लागत असे, व ही मर्यादा सध्या १६ इंच असल्याने या कार्बाइनींच्या नळ्या नेमक्या तिच्या किंचित वर थांबतात.

या वर्गातील सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत जास्त थट्टा झालेले शस्त्र म्हणजे ओहायो राज्यातील मॅन्सफील्ड येथील हाय-पॉइंट कंपनीची ९९५ ही कार्बाइन. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास ती बाजारात आली, तेव्हा दहाहून अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनवर (म्हणजे काडतुसे भरण्याच्या, काढता-घालता येणाऱ्या पेटीवर) १९९४च्या कायद्याने बंदी होती. साहजिकच तिचे मॅगझिन दहा काडतुसांचे राहिले आणि २००४ मध्ये बंदीची मुदत संपल्यावरही कंपनीने ते तसेच ठेवले. पुढे दस्ता बदलून तिची सुधारित आवृत्ती आली, .४०, .४५ आणि १० मिलिमीटर अशा जाडीच्या भावंडांची भर पडली. किंमत मात्र बराच काळ ३०० डॉलरच्या आसपास रेंगाळली, जेव्हा रुगर कंपनीच्या तशाच कार्बाइनसाठी जवळपास दुप्पट रक्कम मोजावी लागत होती.

ही स्वस्ताई येते कुठून, हे कळल्याखेरीज मालकांच्या तक्रारी आणि स्तुती यांचा अर्थ लागत नाही. बहुतेक रायफलींमध्ये गोळी सुटताना नळीचे मागचे तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, ज्याला बोल्ट म्हणतात, तो नळीशी खाचांनी अडकवलेला असतो आणि दारूच्या वायूचा दाब उतरल्यावरच सुटतो. अशी अडकण घडवायला बारीक मापाचे, महाग यंत्रकाम लागते. स्वस्त कार्बाइनमध्ये ती नसतेच. वायू गोळीला पुढे आणि रिकाम्या पितळी कवचाला मागे ढकलतो, परंतु बोल्ट इतका जड असतो की तो जाणवण्याइतका मागे सरकेपर्यंत गोळी नळीबाहेर पडून दाब ओसरलेला असतो. बोल्टला थोपवते ते त्याचे वजन आणि थोडी स्प्रिंग. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब रायफलच्या मानाने कमी असल्यामुळेच ही सोपी युक्ती येथे चालते.

वजनच हवे असेल तर ते महागड्या घडीव पोलादाचे कशाला, असा व्यवहारी विचार हाय-पॉइंटने केला आणि मोठे भाग झॅमॅक या जस्ताच्या मिश्रधातूचे ओतले. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्पसे तांबे, मॅग्नेशियम मिसळून हा धातू तयार होतो; नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी आणि खेळण्यातल्या मोटारी त्याच्याच असतात, आणि टीकाकारांना एवढे निमित्त पुरते. प्रत्यक्षात स्फोटाचा दाब झेलणारी नळी पोलादीच असते. जस्त पोलादाहून हलके असल्यामुळे तेवढेच वजन साधायला ठोकळा मोठा करावा लागतो, आणि शस्त्राचा जो बोजड, कुरूप घाट पाहून लोक नाके मुरडतात तो तिथून येतो.

मालकांच्या अनुभवात हीच एक निवड वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते. पावणेतीन किलोंच्या घरातील आणि पिस्तुलाचे काडतूस उडवणाऱ्या शस्त्राचा धक्का अगदी मवाळ असेल अशी नव्या मालकाची अपेक्षा असते, पण जड बोल्ट मागे जाऊन थांबताना खांद्याला जो टोला बसतो तो त्याहून अधिक शक्तिमान, वायूवर चालणाऱ्या रायफलीच्या धक्क्याइतका, कधी त्याहून तीव्र भासतो. चाप जड आणि खरखरीत असतो. साफसफाईसाठी पूर्ण उघडणे इतके किचकट की पुष्कळ मालक ते टाळतात आणि नळीतून ब्रश फिरवून, दिसेल तेवढी काजळी पुसून भागवतात. धक्क्यांनी स्क्रू सैल होतात. काडतूस अडकण्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत, म्हणजे काडतुसाला धरून ठेवणाऱ्या वरच्या पत्र्याच्या कडांत सापडते. ग्लॉकसारख्या प्रचलित पिस्तुलाचे मॅगझिन तिच्यात बसत नाही हीदेखील खंत असते, कारण ‘एकच काडतूस’ या कल्पनेचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

इतके असूनही मालक तिच्यावर खूश असतात. गोल भोकातून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमखूण, पाहण्याची तिची सोय चांगली आहे, आणि ५० यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडणे ही सामान्य गोष्ट मानली जाते. शस्त्र कितव्याही हाताला गेलेले असो, कंपनी ते आजीवन विनामूल्य दुरुस्त करून देते, आणि टवाळखोरही या हमीबद्दल आदराने बोलतात. तरीही ही साक्ष जशीच्या तशी स्वीकारणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याने कमी पैसे टाकले आणि सर्वांची थट्टा ऐकतच खरेदी केली, त्याला शस्त्र नुसते चालले तरी जिंकल्यासारखे वाटते. महाग शस्त्रात जो दोष अक्षम्य ठरला असता त्याला येथे ‘या किमतीत आणखी काय हवे’ असे उत्तर मिळते. आणि वर्षाकाठी दोन-चार डबे काडतुसे उडवणाऱ्याला हजारो गोळ्यांनंतरची झीज दिसण्याचे कारणच नसते.

या साक्षीच्या शेजारी इतर कार्बाइनींच्या मालकांचे अनुभव ठेवले की चित्र अधिक स्पष्ट होते. मार्लिन कंपनीच्या १९८५च्या कॅम्प कार्बाइनला लाकडी दस्ता आणि घाटदार रूप होते, पण जड बोल्टचा तडाखा शोषणारा तिचा कृत्रिम तुकडा कालांतराने भुसभुशीत होऊन झडतो आणि मग दस्त्याला तडे जातात. केल-टेकची मध्यावर दुमडणारी, दोन किलोंहूनही हलकी सब-२००० पाठपिशवीत मावते. मात्र गाल जिथे टेकतो तिथेच बोल्ट सामावणारी नळी असल्याने प्रत्येक गोळीला गालाला चापट बसल्याची तक्रार होते. बोल्टची ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते, आणि स्वस्त शस्त्रात ती मालकाच्या अंगात जिरते, असे म्हणायला हरकत नाही.

लांब नळीने मिळते काय, याविषयीही मालकांच्या कल्पना ताणलेल्या असतात. सुमारे साडेसात ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने निघते, तर १६ इंची नळीतून ४०० मीटरच्या आसपास. काडतुसातली थोडी दारू लवकर जळून जात असल्यामुळे नळी आणखी लांबवून फारसे हाती लागत नाही. खरा फायदा खांद्याच्या आधाराचा असतो. शंभर यार्डांपलीकडे गोळी झपाट्याने खाली येते.

मालकांच्या बोलण्यात क्वचित येणारी एक बाजू मात्र सार्वजनिक नोंदींत आहे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा बळी घेणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हाती हाय-पॉइंटची ९९५ होती आणि तिच्यातून ९६ गोळ्या झाडल्या गेल्या. दहा काडतुसांची मर्यादा त्याने अनेक मॅगझिने बाळगून निष्प्रभ केली. ते शस्त्र शस्त्रमेळ्यात, खासगी विक्रेत्याकडून, खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी न होता घेतले गेले होते, आणि ते घेणारी त्या दोघांची परिचित अठरा वर्षांची होती. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला संघीय कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण लागतात, रायफलीसाठी अठरा पुरतात. तेच काडतूस, पण नळी लांब झाली की वयाची अट तीन वर्षांनी खाली येते. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०००मध्ये शस्त्रमेळ्यांतील विक्रीलाही तपासणी सक्तीची केली.

स्वस्त शस्त्रांवर नेम धरणारे कायदे अमेरिकेत पूर्वीपासून आहेत. इलिनॉय राज्यात जस्ताच्या ओतीव भागांची, ८०० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सिअसच्या आत वितळणारी हातबंदूक विकता येत नाही, आणि झॅमॅक चारशे अंश सेल्सिअस गाठण्यापूर्वीच वितळते. असे नियम सुरक्षिततेपेक्षा गरिबाला शस्त्रापासून दूर ठेवण्यासाठी आहेत, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण वितळणबिंदूचा गोळी कुणाला लागते याच्याशी काहीही संबंध नसतो. ते लिहिले गेले ते खिशात मावणाऱ्या स्वस्त पिस्तुलांना डोळ्यांसमोर ठेवून. त्यामुळे हाय-पॉइंटची पिस्तुले त्यांच्या कचाट्यात सापडतात आणि त्याच धातूची, त्याच काडतुसाची कार्बाइन ‘हातबंदूक’ नसल्याने त्या कलमाबाहेर राहते.