तळ्यासाठी वाकलेला ट्रॅक

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात डार्लिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथली पाचशे मैलांची ‘सदर्न ५००’ शर्यत संपली की जिंकलेल्या गाडीची उजवी बाजू बघावी. डावीकडे रंग, नंबर, प्रायोजकांची नावं सगळं शाबूत असतं. उजवीकडे पुढच्या चाकापासून मागच्या बंपरपर्यंत रंग खरवडून निघालेला असतो, अक्षरं अर्धी पुसलेली असतात आणि वर भिंतीचा पांढरा रंग चढलेला असतो. याला तिथे ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ म्हणतात. एरवी गाडी भिंतीला लागली की ड्रायव्हरचं चुकलं असं धरतात. इथे ते आधीच हिशेबात धरलेलं असतं, कारण या ट्रॅकवरची सगळ्यांत वेगवान वाट भिंतीला अगदी खेटून जाते. वळणातून बाहेर पडताना वेग गाडीला बाहेरच्या बाजूला ढकलतो. ज्याला पुढे राहायचं आहे त्याला गाडी भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर आणून सोडावी लागते, आणि तेही एकदा नाही, तीनशे सदुसष्ट फेऱ्या.

मोटार शर्यत म्हटलं की आपल्याकडे फॉर्म्युला वन डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र शर्यत म्हणजे ‘स्टॉक कार’. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली गाडी. सुरुवातीला खरोखरच तशाच गाड्या पळवत. आज गाडीचं बाहेरचं रूप फोर्ड, शेवरोले किंवा टोयोटाचं दिसतं, पण आत सगळं शर्यतीसाठीच बांधलेलं असतं: नळ्यांचा सांगाडा, आठ सिलिंडरचं इंजिन, शेकडो अश्वशक्ती. बहुतेक ट्रॅक लंबवर्तुळाकार असतात आणि त्यांवर गाड्या सबंध वेळ डावीकडेच वळत राहतात. नवख्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. माझं म्हणणं असं की त्याने एकदा डार्लिंग्टनची शर्यत नीट पाहावी. लंबवर्तुळ म्हणजे दोन सारखी टोकं आणि दोन सरळ बाजू, ही कल्पना तिथे पहिल्याच फेरीला मोडते. हा ट्रॅक अंड्यासारखा आहे. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं.

असं का झालं त्याची गोष्ट १९४९ची. हॅरल्ड ब्रॅझिंग्टन हा डार्लिंग्टनचाच माणूस. १९३३ साली त्याने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पाहिली होती आणि तेव्हापासून तसंच काहीतरी आपल्या गावात व्हावं हे त्याच्या डोक्यात होतं. त्या काळी स्टॉक कारच्या शर्यती मातीच्या लहान ट्रॅकवर व्हायच्या. डांबरी ट्रॅक, तोही मैलाहून मोठा आणि कलत्या वळणांचा, ही कल्पना गावाला खुळचट वाटली. ब्रॅझिंग्टनने शर्मन रॅम्झी नावाच्या जमीनदाराकडून कापूस आणि भुईमुगाच्या शेताची सुमारे सत्तर एकर जमीन घेतली. रॅम्झीची एकच अट होती. शेताच्या कडेला त्याचं एक तळं होतं, त्यात तो गळाला लावायचे छोटे मासे पाळायचा. ते तळं हलवायचं नाही.

ब्रॅझिंग्टनने शब्द दिला आणि पाळला. तळ्याच्या बाजूचं वळण आत ओढून घ्यावं लागलं, दुसऱ्या बाजूचं ऐसपैस राहिलं. पुढे ट्रॅकची डागडुजी झाली, उतार वाढवले, सव्वा मैलाची लांबी १.३६६ मैल झाली. १९९७ साली सुरुवातीची रेघ एका बाजूहून उचलून समोरच्या बाजूला नेली, त्यामुळे वळणांचे क्रमांकही फिरले. आकार मात्र तोच राहिला. आज पहिलं आणि दुसरं वळण रुंद आहे, उतार २५ अंशांचा. तिसरं आणि चौथं अरुंद, उतार २३ अंशांचा.

नकाशावर हा फरक थोडा दिसतो, पण गाडी तयार करणाऱ्याची त्याने झोप उडते. गाडी वळताना दोन प्रकारे बिघडते. पुढची चाकं पकड सोडतात आणि गाडी वळायलाच तयार होत नाही, त्याला तिथे ‘टाइट’ म्हणतात. मागची चाकं निसटतात आणि गाडीची शेपूट भिंतीकडे जाते, ती ‘लूज’. दोन्ही टोकं सारखी असलेल्या ट्रॅकवर मेकॅनिक या दोहोंमधला बिंदू शोधतो आणि तो दोन्हीकडे लागू पडतो. डार्लिंग्टनला रुंद टोकासाठी नीट लावलेली गाडी अरुंद टोकाला बिथरते, आणि अरुंद टोकासाठी लावली तर रुंद टोकाला वेग गमावते. दोन्हीकडे उत्तम चालेल अशी जुळणी नाहीच. त्यामुळे प्रत्येक संघ कुठे किती सोसायचं ते ठरवतो आणि उरलेलं ड्रायव्हरच्या हातांवर सोपवतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या डागडुजीच्या जागी, गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याचा पाना घेऊन मागच्या काचेकडे धावतो, काचेतल्या भोकातून तो आत घालतो आणि अर्धा किंवा एक फेरा देतो. त्या अर्ध्या फेऱ्याने चाकांवरच्या भाराची वाटणी बदलते. तेवढ्यात टायर बदललेले असतात, टाकीत पेट्रोल गेलेलं असतं आणि दहा-अकरा सेकंदांत गाडी निघालेली असते.

टायर हा इथला दुसरा विषय, आणि माझ्या मते पहिल्याइतकाच मोठा. हा भाग वालुकामय. डांबर काही वर्षांत खडबडीत होतं आणि टायरचं रबर पॉलिश पेपरवर खोडरबर घासावा तसं झिजतं. नव्या टायरवर गाडी सुमारे २९ सेकंदांत फेरी मारते. तेच टायर पन्नासेक फेऱ्या चालले की फेरीला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. म्हणून सुरुवातीला अंगात येऊन पळणारा ड्रायव्हर नंतर मागे पडतो, आणि टायर राखणारा हळूहळू वर येतो.

हा धडा पहिल्याच शर्यतीने दिला होता. ४ सप्टेंबर १९५०, सोमवार, अमेरिकेतला कामगार दिन. पंच्याहत्तर गाड्या एका वेळी सुटल्या. बहुतेकांनी इतक्या लांब डांबरी ट्रॅकवर गाडी कधी चालवलीच नव्हती. टायर फुटू लागले आणि दिवसभर फुटतच राहिले. कॅलिफोर्नियाचा जॉनी मँट्झ त्रेचाळिसाव्या जागेवरून निघाला होता, आणि त्याची प्लिमथ वेगात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पण मँट्झ इंडियानापोलिसला धावलेला होता. त्याने कडक रबराचे टायर लावले, एक संथ लय धरली आणि ती सोडली नाही. बाकीचे पिटमध्ये चाकं बदलत होते, तो फिरत होता. सहा तासांहून जास्त वेळानंतर तो जिंकला. सरासरी वेग ताशी ७५.२५ मैल, म्हणजे सुमारे १२१ किलोमीटर. दुसरा आलेला फायरबॉल रॉबर्ट्स नऊ फेऱ्या मागे होता.

त्या प्लिमथच्या मालकांत ह्युबर्ट वेस्टमोरलँड हे नाव होतं, आणि ते आदल्या वर्षीच गाजलेलं होतं. या खेळाची मुळं हातभट्टीच्या दारूत आहेत. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही डोंगराळ भागातली पोरं रातोरात माल पोचवायची, पोलिसांना मागे टाकायची, आणि रविवारी आपापसांत शर्यत लावायची. भरलेल्या मालाने गाडी मागून बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा ताठ केलेल्या असत. बिल फ्रान्सने १९४८ साली नॅसकार ही संस्था उभी केली ती या पसाऱ्याला नियम लावण्यासाठी. जून १९४९मध्ये शार्लटला नॅसकारची पहिली ‘कडक स्टॉक’ शर्यत झाली. ती वेस्टमोरलँडच्या फोर्डने जिंकली; गाडी ग्लेन डनवे चालवत होता. शर्यतीनंतर तपासणीत दारूवाहू गाडीच्या स्प्रिंगा सापडल्या. विजय काढून घेतला, तो जिम रोपरला दिला. वेस्टमोरलँड कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाने नॅसकारची बाजू उचलून धरल्यामुळे या संस्थेच्या शब्दाला कायमचं वजन आलं. पुढच्याच वर्षी डार्लिंग्टनला जिंकलेल्या गाडीच्या मालकांत स्वतः बिल फ्रान्स आणि वेस्टमोरलँड, दोघंही होते.

डार्लिंग्टनला सर्वांत जास्त वेळा जिंकलेला माणूस म्हणजे डेव्हिड पिअर्सन. दहा विजय. तो दक्षिण कॅरोलायनाचाच, स्पार्टनबर्गचा. घाई न करणारा, शेवटच्या पन्नास मैलांसाठी गाडी जपून ठेवणारा. या ट्रॅकला असा माणूस हवा असतो. पण पिअर्सनची मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट विजयाची नाही. एप्रिल १९७९, डार्लिंग्टनचीच वसंतातली शर्यत. तो पिटमध्ये आला. त्याला वाटलं, दोनच टायर बदलायचे आहेत. संघ चारही बदलत होता आणि डाव्या चाकांचे नट सैल झाले होते. गलक्यात कुणीतरी थांब म्हणून ओरडलं, पिअर्सनला ते निघ असं ऐकू आलं. त्याने गाडी सोडली आणि पिटच्या तोंडाशीच डावी दोन्ही चाकं निखळली. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी तो जिंकत आला होता त्या वुड बंधूंशी त्याचं नातं त्या आठवड्यातच संपलं. पाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, डेल अर्नहार्ट नावाचा नवखा ड्रायव्हर जखमी होता म्हणून त्याच्या गाडीवर बदली माणूस हवा होता. पिअर्सन बसला. त्याच ट्रॅकवर, परक्या संघाच्या गाडीत, त्याने सदर्न ५०० जिंकली. तो नवखा अर्नहार्ट पुढे डार्लिंग्टनला नऊ वेळा जिंकला, पिअर्सनच्या खालोखाल.

या ट्रॅकने जीवही घेतले. १९५७च्या सदर्न ५००मध्ये बॉबी मायर्स गेला, १९६५मध्ये ब्युरन स्कीन. त्याच १९६५च्या शर्यतीत केल यारबरोची गाडी कठड्यावरून उडून ट्रॅकबाहेर पडली. तो स्वतःच्या पायांवर चालत आला, आणि नंतर पाच वेळा ही शर्यत जिंकला. मे १९७०मध्ये रिचर्ड पेटीची गाडी पिटच्या भिंतीवर आदळून उलटत गेली. खिडकी उघडी होती, त्याचा हात आणि डोकं बाहेर लोंबताना सगळ्यांनी पाहिलं. पेटी खांद्याच्या दुखापतीवर निभावला, आणि त्यानंतर ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी लावणं सक्तीचं झालं. आज प्रत्येक स्टॉक कारच्या खिडकीत दिसणारी ती काळी जाळी त्या अपघातातून आली आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. डार्लिंग्टनच्या वसंतातल्या शर्यतीचं नाव वर्षानुवर्षं ‘रेबेल’ होतं, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्धात उतरलेल्या दक्षिणेचे बंडखोर. त्यांच्या स्मृतिदिनाच्या आसपासच ती धरली जायची, आणि प्रेक्षकांत त्यांचा झेंडा फडकायचा. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर या खेळात स्वतःच गाडी दुरुस्त करत, तुटपुंज्या पैशांवर वर्षानुवर्षं धावला. १९६३ साली जॅक्सनव्हिलला तो जिंकला तेव्हा आधी दुसऱ्यालाच विजेता ठरवलं गेलं. चूक दुरुस्त झाली ती प्रेक्षक घरी गेल्यावर. जून २०२०मध्ये ड्रायव्हर बब्बा वॉलेसने उघडपणे मागणी केली आणि नॅसकारने तो झेंडा आपल्या सगळ्या ट्रॅकवर बंद केला. हे फार उशिरा झालं. डार्लिंग्टनवर प्रेम करणाऱ्याने हा भाग झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

ट्रॅकच्या सगळ्या खडतरपणाचं फळ एकाच क्षणात पाहायचं असेल तर १६ मार्च २००३ची शर्यत पाहावी. कर्ट बुशच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग गेलं होतं, तो नुसत्या दंडाच्या जोरावर वळत होता. रिकी क्रेव्हन मागून आला. शेवटच्या फेरीत दोन्ही गाड्या चौथ्या वळणातून एकमेकींना घासत, जवळजवळ अडकून, रेघेकडे आल्या. क्रेव्हन ०.००२ सेकंदांनी जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतला हा सर्वांत निसटता विजय ठरला, आणि २०२४मध्ये कॅन्ससला ०.००१ सेकंदाचा निकाल लागेपर्यंत कुणीही त्याच्या पुढे गेलं नाही.

आणि नेमकं त्याच २००३ साली डार्लिंग्टनकडून त्याची जुनी तारीख काढून घेण्याचं ठरलं. खेळ देशभर पसरत होता, मोठी शहरं, मोठे स्टँड हवे होते. २००४पासून कामगार दिनाची शर्यत कॅलिफोर्नियात फॉन्टानाला गेली, लॉस एंजेलिसजवळच्या दोन मैलांच्या, त्या मानाने नव्या ट्रॅकवर. नोव्हेंबर २००४च्या शर्यतीनंतर काही वर्षं सदर्न ५०० हे नावच राहिलं नाही. फॉन्टाना रुंद होतं, गुळगुळीत होतं, दोन्ही टोकांनी सारखं होतं, आणि स्टँड भरेनात. तारीख तिथून अटलांटाला गेली आणि २०१५मध्ये डार्लिंग्टनला परतली. त्या वर्षीपासून संघ जुन्या ड्रायव्हरांच्या गाड्यांचे रंग आपल्या गाड्यांवर चढवून इथे येऊ लागले. मे २०२०मध्ये, साथीने सगळं बंद असताना, नॅसकारने पुन्हा सुरुवात करायला हाच ट्रॅक निवडला. रिकाम्या स्टँडसमोर केव्हिन हार्विक जिंकला. पुढच्या वर्षापासून डार्लिंग्टनला वर्षाला दोन शर्यती मिळू लागल्या. फॉन्टानाची शेवटची शर्यत २०२३च्या फेब्रुवारीत झाली आणि तो ट्रॅक पाडला गेला.

सदर्न ५०० आता रविवारी संध्याकाळी सुरू होते आणि दिव्यांच्या उजेडात संपते. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट झालेली असते. ऑगस्ट २०२५मध्ये चेस ब्रिस्को ती लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला, ३६७पैकी ३०९ फेऱ्या पुढे राहून. शर्मन रॅम्झीचं तळं अजून ट्रॅकच्या भिंतीबाहेर आहे.