पूर येण्यापूर्वीं

कृष्णाकांठच्या काळ्या जमिनीकडे पाहिलें म्हणजे लोक नदीस माता कां म्हणतात हें सहज कळतें. परंतु हीच नदी आषाढ-श्रावणांत घरांत शिरते, तेव्हां बहुतेक घरांत कसलीच तयारी नसते. ती तयारी कशी करावी, ह्याविषयीं विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यापुढें चार शब्द मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम पुराची रीत समजून घेऊं. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. तेथें जमिनीस उतार फार थोडा आहे. कृष्णा भरून वाहूं लागली कीं पंचगंगेचें पाणी पुढें न सरतां मागें फुगतें व ओढ्यांतून उलटें चढत जातें. त्यामुळें नदी दूर असली तरी ओढ्यावरील वाट आधीं बुडते. घरें कोरडीं, परंतु गांव बेट झालेलें, अशी स्थिति होते. म्हणून पाण्याची वाट उंबऱ्यापाशीं न पाहतां ओढ्याच्या पुलापाशीं पाहावी.

दुसरी गोष्ट मागील पुराच्या खुणेची. कोल्हापुरानजीक राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा-पातळी ३९ फूट व धोका-पातळी ४३ फूट ठरलेली आहे. २००५ सालीं तेथें पाणी सुमारें ५० फुटांपर्यंत आलें होतें. तेव्हां ज्यांचीं घरें वांचलीं, त्यांतील पुष्कळजण २०१९ च्या ऑगस्टांत निश्चिंत राहिले. परंतु त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, आणि २०२१ च्या जुलैंतही ५५ फुटांची मर्यादा त्यानें ओलांडली. मागील खूण म्हणजे कांहीं नदीनें दिलेलें वचन नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें गांवकऱ्यांस बाहेर नेणारी नाव उलटली व अनेकजण बुडाले. त्या दुर्दैवी जिवांस दोष देण्याचा कोणासही अधिकार नाहीं. परंतु वाट कोरडी आहे तोंच निघावें, हा धडा त्यांच्या मरणानें आपणांस दिला आहे.

मग मनुष्य घरीं कां थांबतो? बहुधा गोठ्यामुळें. दुभती म्हैस सोडून जाण्यास मन घेत नाहीं, व तिला कोठें न्यावें हें ठरलेलें नसतें. म्हणून तयारीचा आरंभ गोठ्यापासूनच करावा. वैशाखांतच माळावरील आप्तेष्टांशीं बोलून जनावरांची जागा ठरवावी व वैरणीची एक गंज तिकडेच रचावी. पाणी अकस्मात् शिरलें तर दावीं सोडावीं. मोकळी म्हैस पोहून जाते, बांधलेली जागींच बुडते.

घरांतील सातबारा, पासबुकें, मुलांचे दाखले वगैरे कागद प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून एके ठिकाणीं ठेवावे. निघतांना विजेचें मुख्य बटण बंद करावें. पाणी ओसरल्यावरही मातीच्या भिंती ढासळतात, म्हणून त्या तपासल्यावांचून आंत निजूं नये. अडगळींत सर्प दडलेले असतात, तेथें हात घालूं नये. विहिरीचें पाणी उपसून ब्लीचिंग पावडर टाकावी, व तरीही पिण्याचें पाणी उकळून घ्यावें.

शेतांतील कामें थोडीं आहेत. नदीकांठचे पंप वेळीं वर काढावे, चर मोकळे ठेवावे. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस वांचण्याची आशा असते; शेंडा बुडून पोंग्यांत गाळ बसला कीं तो कुजतो. म्हणून पुढील लावणीचें बेणें उंच शेतांत राखावें.

विद्यार्थ्यांस मात्र एक काम विशेषेंकरून सांगावयाचें आहे. बंधाऱ्यावर किती फूट पाणी झालें असतां आपल्या गांवाची वाट बंद होते, हें वडील मंडळींस विचारून वहींत लिहून ठेवा. त्याच पानावर आपल्या आळींतील एकटी म्हातारी माणसें, आजारी व बाळंतिणी ह्यांचीं नांवें लिहा. तो आंकडा जवळ येण्यापूर्वीं ह्या घरांचीं दारें ठोठवा. आपल्या घरापुरतें पाहणारा मनुष्य कदाचित् वांचेल. परंतु शेजाऱ्यावर प्रीति करणें म्हणजे काय, हें अशाच समयीं कळतें.

नोहाचें तारूं पाऊस पडूं लागण्यापूर्वीं बांधून झालें होतें, आणि त्यांत पशुपक्ष्यांसही जागा राखली होती. पावसाळ्यापूर्वींच्या दिवसांत आपणही तसेंच करूं या.