पावसाआधी मोटरीचे सांधे पाहून घ्या

मोटर जळाली की आपण व्होल्टेजला दोष देतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण विहिरीवरच्या पेटीतला एखादा गंजका सांधाही तेवढाच घात करतो. तीनपैकी एका फेजचा सांधा तुटला की बंद मोटर नुसती घुमते, फिरत नाही. चालू मोटर मात्र उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते आणि तापून जळते.

सांधा गंजतो कसा? खांबाकडून येणारी वायर बहुधा अॅल्युमिनियमची, मोटरीची केबल तांब्याची. दोन्हींना पीळ दिला, वर टेप गुंडाळली, की आपले काम झाले! पण दोन धातूंच्या मध्ये ओल शिरली की अॅल्युमिनियम झिजते, त्यावर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी वीज अडवते. मग सांधा तापतो, तापून ढिला होतो, आणि ढिल्या सांध्यात आणखी ओल शिरते. म्हणून असा पीळ नकोच. दोन्ही धातूंना चालणारा बायमेटल लग मिळतो, तो वायरमनकडून दाबून बसवून घ्यावा.

पेटी उघडण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. लाइट गेलीच आहे म्हणून हात घालू नका. ऑटो स्विच असला तर लाइट येताच मोटर आपोआप सुरू होते. मेन स्विच पाडला तरी त्याच्या खांबाकडच्या टोकांत वीज असतेच. ती बाजू, मीटर आणि खांब वायरमनवरच सोडा.

मोटरीकडची टोके काळी, हिरवी किंवा पांढरी पडली असतील तर तारेच्या ब्रशने घासा. चकाकी येताच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि स्क्रू घट्ट आवळा. अॅल्युमिनियम उघडे राहिले तर लगेच पुन्हा थर धरते, तेव्हा जेलीला उशीर नको. वायरचे आवरण वितळले असेल तर तेवढा तुकडा कापून टाका.

वायर पेटीत वरून घेऊ नये, पाणी तिच्यावरून ओघळत आत येते. ती खालून घ्यावी आणि शिरण्याआधी तिला झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून टपकून जाते. उरलेली भोके बुजवावीत. पाली आणि मुंग्यांनाही हीच जागा आवडते.

आणखी एक. पुष्कळांच्या खोपीत स्टार्टरखालीच युरियाची पोती असतात. ओलसर युरियातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. पोती दुसरीकडे हलवा.