पपईच्या बिया आणि पोटातले जंत

मुलांनो, तुम्ही घरी जिला पपीता म्हणता, तीच मराठीतली पपई. पपई चिरली की आत मिऱ्यांसारख्या काळ्या बिया दिसतात. आपण त्या खरवडून टाकून देतो. पण काही घरांत आजी त्या धुऊन वाळवते व जपून ठेवते. पोटात जंत झाले की या बिया द्याव्यात, असे ती सांगते. आजीचे म्हणणे कितपत खरे आहे?

जंत गांडुळासारखा दिसतो आणि वीतभर, कधी त्याहूनही लांब वाढतो. तो आपल्या आतड्यात राहून आपल्याच अन्नावर जगतो. मादी एका दिवसात सुमारे दोन लाख अंडी घालते! शौचावाटे ती मातीत जातात आणि मळक्या हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीतून पुन्हा कोणाच्या तरी पोटात शिरतात. दुसरा एक कृमी अगदी लहान असतो, पण अधिक वाईट. तो अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मग मूल फिकट दिसू लागते, थोडे धावले तरी त्याला धाप लागते.

आता स्वयंपाकघरात चला. कबाबाचे मांस मऊ व्हावे म्हणून त्याला कच्ची पपई वाटून लावतात, हे तुम्ही पाहिले असेल. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन नावाचा पदार्थ असतो. तो मांसातील प्रथिने तोडतो. जंताचे कातडेही प्रथिनांचेच असते! बियांत आणखी एक तिखट पदार्थ असतो. मोहरीच्या झणझणीतपणाशी त्याचे नाते आहे. तोही कृमींना मारक ठरतो.

नायजेरिया देशातील डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. पोटात कृमी किंवा तसेच इतर परजीवी असलेली ६० मुले त्यांनी निवडली. ३० मुलांना वाळलेल्या बियांची पूड मधातून दिली आणि ३० मुलांना नुसता मध दिला. सात दिवसांनी शौच तपासले. बिया घेतलेल्यांपैकी २३ मुले परजीवींपासून मुक्त झाली होती. नुसता मध घेतलेल्यांपैकी फक्त ५.

म्हणजे आजी अगदीच चुकीची नाही. पण साठ मुले म्हणजे फार थोडी, आणि बिया घेऊनही सात मुले तशीच राहिली. शिवाय किती बिया, किती दिवस, हे घरच्या घरी कसे ठरवणार? पिकलेल्या पपईत चीक फारसा उरत नाही, म्हणून नुसत्या फोडी खाऊन जंत जातील असे समजू नका. पोटात बाळ असलेल्या बाईला तर कच्ची पपई किंवा तिच्या बिया देऊच नयेत.

जंतांवर खात्रीचे औषध शाळेतच मिळते. २०१५ सालापासून आपल्या देशात जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट देतात. ती चावून खायची असते. गोळी पोटातले जंत मारते, पण मातीतली अंडी तिथेच राहतात. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये देतात.