नाक बघून जात कळते का?

हेडफोन लावा, आज जरा नाजूक विषय आहे.

गणपतीला गावी गेलो होतो, कापड्याला. पोलादपूर तालुका, रेंज शोधायला अंगणात यावं लागतं. पडवीत माझ्या लग्नाचा विषय निघाला. फोनवरचा मुलीचा फोटो हातोहात फिरला आणि एक पाहुणे ठामपणे म्हणाले, "नाकावरनं कळतंय, आपल्यातली नाय." फोटो तिथेच बंद. मी गप्प बसलो, ते अजून सलतंय. म्हणून हा एपिसोड.

नाकावरून माणूस ओळखायचा हा नुसता पडवीतला उद्योग नाही. इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने त्याला आकड्यांचं रूप दिलं. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००. म्हणजे रुंदी ३६ मिलीमीटर, उंची ५० असेल तर निर्देशांक ७२. जात जितकी वरची तितका आकडा कमी, असा त्याचा दावा. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हाच माणूस होता.

आता आपल्या पुण्याच्या इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या, हो त्याच. महर्षी कर्व्यांची सून, पुण्यात स्कूटर चालवणारी बाई. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या. गाईड होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या शास्त्राचा आधार मिळाला ते. फिशरांचं गृहीतक असं : गोऱ्या युरोपियनांचा मेंदू जास्त प्रगत, म्हणून त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक जास्त असणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी-उजवी तंतोतंत सारखी नव्हतीच, पण त्या फरकाचा वंशाशी संबंध काही सापडला नाही. आणि परक्या देशात, गाईडच्या तोंडावर, त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. मला स्वतःच्या मॅनेजरला 'हा डेटा तसं म्हणत नाहीये' सांगताना घाम फुटतो!

गंमत म्हणजे परत आल्यावर त्यांनी मोजपट्टी टाकून दिली नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्रातल्या लोकांची डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर त्या मापांचं पुस्तक काढलं. जातवार माणसं मोजणं मला आजही खटकतं, खोटं कशाला बोलू. पण निघालं काय ते बघा. १९६८ मध्ये त्यांनी आणि कैलाश मल्होत्रांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे आठ गट तपासले. दर्जा एकच, पण शरीरं एका साच्यातली नव्हती. म्हणजे 'वरची जात, अमुक नाक' हे समीकरणच कोसळतं.

मग दोन गट किती जवळ, किती लांब, हे मोजायचं कसं? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. उंच माणसाचे हात लांब असतातच. उंची आणि हात दोन्ही वेगवेगळे मोजून बेरीज केली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस माणसांच्या मापांवर काम करताना याच प्रश्नाशी भिडले आणि १९३६ मध्ये त्यांनी अंतराचं सूत्र मांडलं. मापं एकमेकांशी किती बांधलेली आहेत ते वजा करून ते खरं अंतर काढतं. हेच 'महालनोबिस डिस्टन्स' मी ऑफिसात संशयास्पद व्यवहार पकडायला वापरतो. कॉलेजात शिकलो तेव्हा ते माणसांच्या डोक्या-नाकांवरून आलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक लक्षात ठेवा. सरासरी दोन गटांची असते, फोटो एका माणसाचा. सरासरीत मिलीमीटरभर फरक असला तरी दोन्ही गटांतली बहुतेक नाकं एकमेकांत मिसळलेली असतात. एका फोटोवरून जात सांगणं म्हणजे एका पेमेंटवरून माणसाचा पगार सांगणं.

दिवाळीला परत कापड्याला जायचंय. ते पाहुणे येणारच आहेत. टेप घेऊन जाऊ का नको, कमेंटमध्ये सांगा.