दारू सोडवा, पण जीव सांभाळून

दारुड्याला चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुधारेल, असे पुष्कळ घरांत म्हणतात. हा उपाय जिवावर बेततो.

पुण्याच्या डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्याच आवारात त्यांनी व पती अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचे बळ दिले. आधी गर्दचे रुग्ण आले, मागाहून दारूचे. व्यसनी माणसाला बाई गुन्हेगार नव्हे, आजारी मानीत. १९९७ साली त्या गेल्या. काम चालूच आहे.

आजारच तो! रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबविली की दिवसभरातच हात थरथरतात, घाम सुटतो. कुणाला झटके येतात. दोन-तीन दिवसांत कुणाला नाही नाही ते दिसू लागते. मग घरचे अंगारा लावीत बसतात, आणि रात्र वाया जाते. पिंपळगाव राजाच्या मंडळींनी अशा वेळी १०८ ला फोन करून खामगावचा सरकारी दवाखाना गाठावा. रोज किती पीत होता, शेवटची केव्हा घेतली, हे घरच्या बाईने न लाजता डॉक्टरांना सांगावे. औषधाची मात्रा त्यावरच ठरते.